चवथीचे पाच दिवस नखांवरची कावी टिकवली, ती अशी

आमच्याकडे पाच दिवसांचा गणपती. म्हणजे पाच दिवस हात पाण्यात, तांदळाच्या पिठात, नारळात, हळदीत आणि भांड्यांच्या साबणात. आणि 2025 च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, मला नखांवर कावी काढायची होती, नुसती काढायची नाही तर विसर्जनाच्या आरतीपर्यंत ती दहाच्या दहा नखांवर दिसायला हवी होती. दरवर्षी नेलपेंट लावते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टोकं उडालेली असतात, ह्या वेळी ठरवलं की जून-जुलैपासूनच तयारी करायची. त्यात जे जे झालं ते सगळं लिहिते, कारण मी शोधत होते तेव्हा पावसाळ्यातल्या गोव्यात नेल आर्ट कसं टिकवायचं हे कोणी सांगितलेलं मला सापडलं नाही.

कावी म्हणजे काय ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आपल्या जुन्या देवळांच्या आणि काही घरांच्या भिंतींवर चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर देतात आणि तो ओला असतानाच खरवडून खालचा पांढरा उघडा करतात, त्यातून वेली, फुलं, मोर असं सगळं उठतं. मला ते लहानपणापासून फार आवडतं. रंग दोनच, पण बघत राहावं असं. नखांवर हे छान दिसणार हे माहीत होतं, प्रश्न टिकण्याचा होता.

पहिला प्रयत्न जुलैच्या पहिल्या रविवारी. पांढरं नेलपेंट दोन कोट, त्यावर मरून नेलपेंटने बारीक ब्रशने वेल काढली, जवळजवळ दीड तास गेला, आणि पाच मिनिटं थांबून वरून टॉप कोट, म्हणजे शेवटचा पारदर्शक थर, फिरवला. ब्रश फिरला तशी वेल पण फिरली. मरून सगळं पांढऱ्यात ओढलं गेलं आणि नख गुलाबी. मला खूप वाईट वाटलं, कारण उजव्या हाताने डाव्या हातावर काढलेलं ते माझं त्या दिवसापर्यंतचं सगळ्यात चांगलं काम होतं. नंतर समजलं की ह्यात नशिबाचा काही भाग नाही. साध्या नेलपेंटमध्ये आणि साध्या टॉप कोटमध्ये विरघळवणारी द्रव्यं साधारण तीच असतात, इथाईल अॅसिटेट आणि ब्युटाईल अॅसिटेट. नेलपेंट वाळतं म्हणजे ही द्रव्यं उडून जातात आणि नायट्रोसेल्युलोजचा पापुद्रा मागे राहतो. वरून परत तीच द्रव्यं ओतली की खालचा रंग पुन्हा मऊ होतो, आणि त्यावर ब्रश दाबला की तो ओढला जाणारच.

दुसऱ्या रविवारी मी शहाणपणा केला असं मला वाटलं, म्हणजे डिझाईन काढून दोन तास थांबले आणि मग टॉप कोट लावून हात थेट पंख्याखाली धरले, फुल स्पीड. बाहेर धो धो पाऊस, खिडकी उघडी. सकाळी बघते तर चमक नाहीच, नखांवर दुधासारखी साय आली होती आणि बारीक बारीक बुडबुडे. मला वाटलं बाटली खराब निघाली. पण आमच्या शेजारी सुतारकाम करणारे काका आहेत, ते आईशी बोलायला आले होते, त्यांनी माझा हात बघितला आणि म्हणाले, "पावसात एनसी मारलं की फर्निचर पण असंच पांढरं पडतं गो." मी बघतच राहिले! लाकडावर मारतात ते एनसी लॅकर आणि आपलं नेलपेंट, दोन्हीचा पाया नायट्रोसेल्युलोजच. वरचं द्रव्य भराभर उडालं की पृष्ठभाग थंड पडतो, हवेत ओल भरपूर असली की त्या थंड पृष्ठभागावर पाणी धरतं आणि पापुद्रा धुरकट होतो. म्हणून सुतार लोक भर पावसात लॅकरचं काम टाळतात किंवा हळू उडणारं थिनर घालतात. आणि पंख्याने वरची साल आधी वाळते, खालचं अजून ओलं, ते बाहेर पडायला बघतं आणि बुडबुडे येतात. माझ्यासाठी त्या काकांचं एक वाक्य दहा व्हिडिओंपेक्षा जास्त कामाचं ठरलं.

मधे एक वेगळा नाद पण करून बघितला. माझ्या चुलत बहिणीकडे जेल नेलपेंट घट्ट करायचा छोटा दिवा आहे, ती म्हणाली साधं नेलपेंट राहू दे खाली, वरून फक्त जेल टॉप कोट लाव आणि दिव्यात धर, दगड होतो. केलं. दिव्यातून हात बाहेर काढल्यावर वरचा चिकट थर अल्कोहोलने पुसला आणि काय चमक, खरंच काचेसारखी. तिसऱ्या दिवशी कदंब बसमध्ये बसल्या बसल्या अनामिकेचं अख्खं डिझाईन टरफलासारखं निघून हातात आलं, डिचोलीहून पणजीला पोचेपर्यंत अजून दोन. कारण असं की जेल दिव्याच्या प्रकाशाने घट्ट होतं, त्यातलं काही उडून जात नाही, आणि खालचं साधं नेलपेंट मात्र आतून वाळत असतं, वरून कडक झाकण बसलं की त्याला बाहेर जायला वाट नाही. दोघांचं जमतच नाही. जेल करायचं तर बेसपासून टॉपपर्यंत सगळं जेलच करावं, एकाच सिस्टिमचं आणि त्याच्यासाठी सांगितलेल्या दिव्यात, नाहीतर साधं करावं.

घरी जेल करणाऱ्यांना एक कळकळीने सांगायचंय. अर्धवट घट्ट झालेलं जेल कातडीला लागत राहिलं तर अॅलर्जी होऊ शकते आणि एकदा झाली की ती सहसा जात नाही. बऱ्याच जेलमध्ये हेमा नावाचं अॅक्रिलेट असतं, युरोपात हेमावाली उत्पादनं फक्त प्रोफेशनल वापरासाठी ठेवली आहेत, आणि टीपीओ नावाचं जे द्रव्य दिव्याच्या प्रकाशात जेल घट्ट करायला घालतात त्यावर युरोपियन युनियनने 1 सप्टेंबर 2025 पासून बंदीच घातली. तेव्हा पार्लरमध्ये विचारायला लाजू नका. मी चवथीसाठी साधंच करायचं ठरवलं.

मग जुलैच्या शेवटी मावशीबरोबर म्हापशाला शुक्रवारच्या बाजाराला गेले होते, तिच्या ओळखीच्या एक पार्लरवाल्या ताई आहेत, त्यांच्याकडे अर्धा तास बसले. त्यांना मी सगळं सांगितलं. त्यांनी माझा हात उलटा करून नखांची टोकं खालून बघितली आणि म्हणाल्या, "वरून लावतेस, पण इथे दार उघडंच ठेवतेस की." म्हणजे नखाची पुढची कड, जाडीची बाजू, तिथे मी कधी ब्रश नेतच नव्हते. पाणी तिथूनच आत शिरतं. बेस कोट, रंग, टॉप कोट, प्रत्येक थर त्या कडेवरून आडवा फिरवून बंद करायचा. दुसरं त्यांनी दाखवलं ते थेंबाचं. ब्रश पुसून कोरडा करून घासायचा नाही, त्यावर चांगला भरलेला थेंब घ्यायचा, नखावर ठेवायचा आणि ब्रश डिझाईनला टेकू न देता फक्त थेंबाला पुढे सरकवत न्यायचं. "ब्रश नखावर चालत नाही, थेंबावर चालतो," असं त्या म्हणाल्या. मी घरी येऊन एका जुन्या प्लास्टिकच्या डब्याच्या झाकणावर वीसेक वेळा हे नुसतं करत बसले, तेव्हा कुठे हात हलका झाला.

आणि तिसरी गोष्ट त्यांनी विचारली, लावायच्या आधी हात भिजवतेस का? हो, मला वाटायचं कोमट पाण्यात बुडवलं की नखं स्वच्छ होतात. तेच चुकत होतं. नख पाणी पितं आणि फुगतं. त्यावर रंग लावला की नंतर नख वाळून परत आकसतं, रंग तसाच ताठ राहतो, आणि दोघांमध्ये फट पडते. म्हणून अंघोळ, भांडी, कपडे सगळं उरकून निदान दोन तास गेल्यावरच बसायचं. आपल्याकडे पावसात हवाच एवढी ओली की मी तर तीन तास थांबते.

ऑगस्टमध्ये रंग पण बदलला. डिझाईनसाठी नेलपेंट सोडून अॅक्रिलिक रंग घेतला, मुलं शाळेत चित्रकलेला वापरतात तो, मरूनमध्ये थोडा तपकिरी मिसळून. तो पाण्याचा असतो, वाळला की टॉप कोटने सहज ओढला जात नाही. आणि इथे मला एक सुंदर गोष्ट सापडली! पूर्ण वाळलेल्या पांढऱ्या नेलपेंटवर हा रंग पातळ फासला आणि तो दमट असताना सुईच्या बोथट टोकाने खरवडला तर खालचा पांढरा अगदी स्वच्छ उघडा होतो. म्हणजे खरी कावी जशी करतात तशीच नखावर झाली. ब्रशने वेल काढण्यापेक्षा हे सोपंही आहे आणि रेघ कितीतरी बारीक येते. फक्त सुई दाबायची नाही, नाहीतर पांढरं पण निघून नख दिसतं. मी दोन नखं अशी घालवली, मग दातकोरणं वापरायला लागले.

पण खरवडल्यामुळे नखावर उंच-सखल होतं, रंगाच्या कडा हाताला लागतात. ह्या कडांवर एकच पातळ टॉप कोट दिला तर उंच जागेवर तो नावालाच असतो आणि केस विंचरताना, टॉवेलला घासून तिथून पहिल्यांदा उडतो. ग्लिटरचं पण हेच होतं, ग्लिटर टॉप कोट पिऊन टाकतं म्हणतात ते ह्यासाठीच. म्हणून मी दोन टॉप कोट ठरवले, दोन वेगळ्या कामांचे. पहिला साधा, सावकाश वाळणारा, थेंबाने भरून लावलेला, त्याचं काम खड्डे भरून सपाट करणं. दुसरा क्विक ड्राय, पातळ, त्याचं काम वरची चमक आणि कडकपणा. उलटं करून बघितलं होतं, क्विक ड्राय आधी आणि भरपूर, तर तो वाळताना आकसला आणि खालच्या मऊ थरांना पण ओढून घेऊन नखाच्या टोकाला आणि कडेला रिकामी रेघ सोडली. त्याला घाईने घट्ट व्हायचं असतं, म्हणून त्याच्याखालचं सगळं आधी स्थिर झालेलं हवं.

चवथ 27 ऑगस्टला, बुधवारी. मी रविवारी 24 ला बसले. नखं बोटाच्या टोकाबरोबर छोटी केली, लांब नख वाकतं आणि वाकलं की रंगाला चीर जाते, मला ह्या वेळी लांबीपेक्षा टिकणं हवं होतं. फाईल एकाच दिशेने, मागेपुढे घासलं की टोकाला बारीक पापुद्रे सुटतात. मग प्रत्येक नख आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. इथे एक चूक माझी मैत्रीण करते, हँड सॅनिटायझरने पुसते, त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, ते नखावर राहतं आणि बेस कोट नीट धरत नाही. खोबरेल तेल पण आदल्या रात्रीच लावायचं, त्या दिवशी अजिबात नाही.

काकीच्या खोलीत एसी आहे, तो ड्राय मोडवर टाकून खिडक्या बंद करून तिथे बसले, काकीने मधे मधे येऊन दार उघडं टाकलं की मी ओरडत होते. बेस कोट एक. पांढरा दोन वेळा, पण इतका पातळ की पहिल्या कोटात नख दिसत होतं, मधे दहा मिनिटं. सगळ्यांच्या कडा बंद. मग जेवले, झोपले, चार वाजता कावी सुरू केली. उजव्या हाताला आमच्या वहिनीने मदत केली, तिचा हात रांगोळीचा आहे, तिने अंगठ्यावर जी कमळाची पाकळी खरवडली तशी मला जमली नसती. सात वाजता पहिला टॉप कोट. रात्री अकरापर्यंत हात कशालाच लावला नाही, कारण वर बोट फिरवून कोरडं लागलं तरी आत कितीतरी तास मऊ असतं, लगेच झोपलं की चादरीचे धागे उमटतात. दुसरा टॉप कोट चोवीस तासांनी, सोमवारी ऑफिसवरून आल्यावर, परत त्याच खोलीत. साय आली नाही, बुडबुडा एकही नाही.

मंगळवारी तय, म्हणजे हरतालिका, त्या दिवशी कामं सुरू झाली. माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं टांगायची चौकट, बांधायला बाबांना आणि दादाला सामान देत होते, सुपारीची कातरं म्हणजे घोस, नारळाच्या पेंडी, माडाची पानं, ह्यात काही झालं नाही. आईने एकदा म्हटलं, "बाय, हात घेऊन बसायचं असेल तर आत्ताच सांग," पण मी सगळं काम केलं, फक्त नख अवजार म्हणून वापरलं नाही. डब्याचं झाकण चमच्याने उघडलं, स्टिकर सुरीने काढले, लसूण नाहीच होता म्हणून बरं. भांड्यांना रबरी हातमोजे, हे घरात कोणाला आवडलं नाही पण मी ऐकलं नाही. गरम पाणी आणि साबण दोन्ही मिळून नखं जेवढी फुगवतात तेवढं दुसरं काही नाही.

बुधवारी पातोळ्या केल्या. पीठ नखांच्या कडेला बसतं ते मऊ जुन्या टूथब्रशने काढलं. गुरुवारी खतखतं, म्हणजे मिश्र भाजी, होतं, त्यात हळद, आणि संध्याकाळी बघते तर तर्जनी आणि मधल्या बोटाचा पांढरा भाग पिवळा. माझा जीव खाली वर झाला. पण डाग टॉप कोटमध्ये होता, रंगापर्यंत पोचला नव्हता. कापसाला जेमतेम अल्कोहोल लावून एकदाच हलकेच पुसलं, जास्त घासलं तर चमक जाते, अर्धा गेला. उरलेला दुसऱ्या दिवशी दुपारी थोडं ऊन पडलं तेव्हा अंगणात बसून हात उन्हात धरले, हळदीचा रंग उन्हाने उडतो हे कपड्यांवरून माहीत होतं. फिकट होत होत जवळजवळ गेला. म्हणून आता सांगते, डागावर आधी टॉप कोट मारू नका, डाग कायमचा आत बंद होईल.

डाग गेल्यावर शुक्रवारी रात्री क्विक ड्रायचा एक पातळ कोट परत दिला. हे मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. टॉप कोट एकदा लावून संपत नाही, तो झिजण्यासाठीच असतो, झिजतो म्हणून खालचं राहतं. दर दोन-तीन दिवसांनी पातळ थर, मुख्य म्हणजे परत कड बंद. एवढंच. पण रोज लावला तर जाड होऊन सालीसारखा निघतो, तेही मी जुलैमध्ये करून बघितलंय.

शनिवारी उजव्या अंगठ्याचा कोपरा गेला, नारळाची शेंडी ओढताना, तांदळाच्या दाण्याएवढा. तोच वहिनीचा अंगठा! सगळं पुसून नव्याने करायला वेळ नव्हता. बफरने फक्त तुटलेली कड घासून सपाट केली, अल्कोहोल, डॉटिंग टूलने, म्हणजे ठिपके काढायच्या काडीने, पांढऱ्याचा ठिपका, तो वाळल्यावर अजून एक ठिपका, अॅक्रिलिकची एक रेघ आणि वरून फक्त त्याच नखाला टॉप कोट. जवळून बघितलं तर कळायचं, आरतीत टाळ धरल्यावर कोणाला कळलं नाही.

रविवारी 31 ला विसर्जन. नऊ नखं जशीच्या तशी, दहावं दुरुस्त केलेलं. आतेबहिणीने विचारलं जेल आहे का, मी म्हटलं साधं नेलपेंट आहे, तर तिने बोट धरून नखावर नख वाजवून बघितलं.

पुढच्या शुक्रवारी काढलं. तोपर्यंत बारा दिवस झाले होते, नखं महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतात, त्यामुळे मुळाशी मिलिमीटरभर मोकळी जागा दिसायला लागली होती, आणि टॉप कोटचे चार थर असल्यामुळे नुसत्या कापसाने निघेना. रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस नखावर ठेवून वरून फॉइल गुंडाळलं, दहा मिनिटं, मग एकाच दिशेने ओढून पुसलं. खरवडून काढायचा मोह होतो पण मग नखाचा वरचा पापुद्रा सोबत येतो. नंतर रात्री खोबरेल तेल, आठवडाभर काही लावलं नाही. टॉप कोटच्या बाटलीचं तोंड पुसून घट्ट बंद करून ठेवलीय, अर्धी बाटली उरली की तो तारेसारखा ओढायला लागतो, तेव्हा रिमूव्हर घालायचं नाही, नेलपेंटचं थिनर दोन थेंब घालायचं.

वहिनीने तुळशीच्या लग्नासाठी आत्ताच सांगून ठेवलंय, तिला निळ्या-पांढऱ्या टाइल्सचं डिझाईन हवंय, पणजीच्या जुन्या घरांवर असतं तसं. निळं खरवडून जमतं का ते ह्या रविवारी झाकणावर करून बघणार आहे.